बेटावर नारळ नेले त्याची गोष्ट

उताणा पडलेला माणूस विचार करू शकतो. पालथा पडलेला माणूस फक्त 'हो' म्हणू शकतो. हे मी स्वानुभवावरून सांगतो आहे. सिंगापुरातल्या बिशान भागातल्या दवाखान्यात एका अरुंद टेबलावर मी पालथा पडलो होतो. टेबलाला तोंडासाठी ठेवलेल्या भोकातून मला फरशी आणि डॉक्टर ऋताचे पांढरे बूट एवढंच दिसत होतं, आणि तिचा अंगठा माझ्या कमरेतल्या अशा एका जागी होता की ती जागा माझ्या मालकीची आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

"मनोहरकाका, तुम्ही ऑफिसात प्रपोजल्स लिहिता ना?"

"हो."

"मला एका अनुदानाचा अर्ज लिहायला मदत कराल?"

अंगठा जरा आत गेला.

"हो! हो! हो!"

तीनतीनदा हो म्हटल्यामुळे तिला मी फार उत्साही वाटलो. पुढे जे काही झालं ते सगळं या गैरसमजातून झालं.

ऋता आमच्या समोरच्या फ्लॅटमधली. पुंगोलला आमच्या मजल्यावर दोनच मराठी घरं, एक आमचं आणि एक तिच्या वडिलांचं. विलासराव तारकर जहाजावर चीफ इंजिनिअर होते, म्हणून अख्खा ब्लॉक त्यांना अजून चीफ म्हणतो. ऋता अमेरिकेत शिकून ऑस्टिओपॅथिक डॉक्टर झाली. म्हणजे औषधं देणारी, टाके घालणारी, गळ्यात स्टेथोस्कोप असलेली पुरती डॉक्टर; शिवाय हातांनी हाडं, सांधे, स्नायू चाचपून ते ताळ्यावर आणण्याची विद्या शिकलेली. हे वाक्य मी आता एका दमात म्हणतो, पण ते मला पाठ व्हायला बरेच दिवस लागले. ओळखीतल्या बायका तिला 'ती मालिश करते ती' म्हणत. खुद्द चीफ म्हणत, "बेअरिंग गेलं तर बदलावं. चोळत बसून जहाज चालतं काय?"

वास्तविक चीफचं स्वतःचं बेअरिंग कधीच गेलेलं होतं. सगळी उमर इंजिनरूममध्ये काढल्यावर त्यांची पाठ अशी काही धरली होती की त्यांना वाकताच येत नसे. ते नाडीचे बूट घालत नसत. हातातून काही पडलं तर पडलेली वस्तू पडलेलीच बरी असं त्यांचं धोरण होतं. अगदीच किल्ली वगैरे असली तर ती पायाने सरकवत सरकवत लिफ्टपर्यंत नेत आणि तिथे कोणीतरी भेटायची वाट बघत उभे राहत. मुलगी घरात डॉक्टर, तीही नेमकी पाठीची. पण तिला पाठीला हात लावू देतील तर शपथ.

तर अनुदान. शेजारच्या देशातल्या बाताम बेटाच्या पलीकडे, होडीने जावं लागतं असं एक छोटं बेट आहे. तिथे दवाखाना आहे, तो चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, इबू (म्हणजे बाई) युलिआना नावाच्या, आणि बेटभर जाळी ओढून आणि ओझी वाहून धरलेल्या पाठी आहेत. इबू युलिआनांनी ऋताला शिबिरासाठी बोलावलं होतं. अमेरिकेत एक फाउंडेशन आहे, ते फक्त ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांनाच परदेशी सेवेसाठी अनुदान देतं. ते मिळालं तर काही वर्षं दर महिन्याला शिबिर. नाही मिळालं तर ओहायोतली हॉस्पिटलची नोकरी तयारच होती. चीफनी तिच्याकडून वचन घेतलं होतं, "मिळालं तर बेट. नाही मिळालं तर ओहायो. मग हट्ट नाही."

हे सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता. पण भोकातून मला दिसलं, तिचा एक बूट दुसऱ्या बुटावर चढला होता. शाळेत असताना निकालाच्या दिवशी ही पोरगी लिफ्टपाशी अशीच उभी राहायची. तेव्हा मात्र मी अंगठ्याशिवाय, स्वखुशीने, आणखी एकदा हो म्हणालो.

घरी आल्यावर स्मिताला सांगितलं. बायको म्हणून तिचं कर्तव्य होतं तेवढं ती हसली. "तू अनुदान आणणार? पंखा दुरुस्त करायला माणूस बोलवायचाय, तो मेल तू दिवाळीपासून लिहितोयस."

मी दुखावलो. दुखावलेला मध्यमवर्गीय पुरुष फार काम करतो. मी त्याच शनिवारी अर्ज लिहायला बसलो आणि माझा आयटीतला सगळा अनुभव त्यात ओतला. मासेमार हे स्टेकहोल्डर केले. ताठ झालेली माणसं हे डिलिव्हरेबल केलं. पावसाळी वाऱ्यात होडी उलटणं हे रिस्क म्हणून लिहिलं आणि त्यासमोर 'मध्यम' असा शेरा मारला. पहिलं वाक्य तर असं झोकात जमलं होतं की ते मी स्मिताला स्वयंपाकघरात जाऊन वाचून दाखवलं: 'मानवी कणा हा प्रत्येक समाजाचा कणा असतो.'

ऋताने ते वाचलं आणि म्हणाली, "काका, हे वाक्य काढू या."

"का?"

"त्यात काहीच नाहीये."

आमच्या तन्वीने खांद्यावरून डोकावून पाहिलं. ती इथल्या शाळेत शिकते, त्यामुळे तिच्याकडून मराठीत अपमान होत नाही. "बाबा, सो चीम लाह! फिशरमन रीड ऑल्सो कॅनॉट अंडरस्टँड." चीम म्हणजे गहन, हे मला ठाऊक होतं, मी ती प्रशंसा समजलो, आणि तो समजही चुकीचाच निघाला.

शेवटी ऋता बोलली आणि मी टाइप केलं. कोणाची पाठ कशाने धरते, तपासायचं कसं, औषध कधी, हातांनी उपचार कधी, आणि हॉस्पिटलला कधी पाठवायचं. अर्ज चांगला झाला. माझा त्यातला वाटा म्हणजे पानांचे क्रमांक. ते मात्र मी मनापासून घातले होते.

पण एक अट निघाली. एकट्या डॉक्टरला अनुदान नाही. पाठीशी नोंदणीकृत आणि 'सक्रिय' अशी स्थानिक संस्था हवी. सिंगापुरातल्या आमच्या माहितीतल्या संस्थांमध्ये नोंदणीकृत होत्या त्या झोपलेल्या, आणि सक्रिय होते ते नुसते व्हॉट्सॲप ग्रुप. दोन्ही एकत्र असलेलं एकच होतं, मरीन परेडचं किनारा मराठी मंडळ. अध्यक्ष शिरीष दाभाडकर. माणूस बँकेत मोठ्या हुद्द्यावर, कंडोत, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीत राहणारा, स्वभावाने सोन्यासारखा. पण मंडळाचं नाव निघालं की त्याच्या अंगात येतं. त्याने माझं बोलणं पुरतं ऐकूनही न घेता सांगितलं, "मंडळ तुमच्या पाठीशी आहे! फक्त एकच. कार्यक्रम मंडळाच्या पद्धतीने होईल."

हे 'फक्त एकच' मी हसत हसत मान्य केलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

फाउंडेशनचं उत्तर आलं. अर्ज आवडला होता. निवड करण्याआधी त्यांच्या डॉक्टर हॅरिएट लुंड एक चाचणी शिबिर प्रत्यक्ष पाहायला येणार होत्या. ऋताने मला आनंदाने मिठी मारली, तीही कमर सांभाळून. आणि शिरीषने आमच्या ब्लॉकच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, मंडळाची सभा बोलावली.

ऋताने तिची यादी वाचली. घडीचं टेबल, रक्तदाबाचं यंत्र, औषधं, खुर्च्या. बस.

"आणि उद्घाटन?" शिरीषने विचारलं.

"कसलं उद्घाटन?"

सभेने एकमेकांकडे पाहिलं. मंडळाच्या सांस्कृतिक प्रमुख जयाताई तर ऋताकडे अशा बघू लागल्या, जणू हिला शिबिराआधी स्वतःलाच एखादं टॉनिक हवं होतं. मग सगळ्यांनी मिळून तिला समजावलं. दीपप्रज्वलन. स्वागतगीत. प्रमुख पाहुण्यांचा परिचय. सत्कार. शाल, श्रीफळ. अध्यक्षीय मनोगत. आभार. "मंडळाचा आजवर एकही कार्यक्रम सत्काराशिवाय झालेला नाही," शिरीष म्हणाला. "कोविडात आम्ही ऑनलाइन सत्कार केलेत. पाहुण्यांच्या घरी शाल आधी कुरियरने पाठवली होती."

चीफ कोपऱ्यात कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत उभे होते. बसणं-उठणं त्यांना जड जायचं म्हणून ते उभेच असत. "नारळ नेणार?" त्यांनी विचारलं. "बेटावर?"

"अर्थात."

"शिरीष, मी मालवणचा. नारळ घेऊन मालवणात जाणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते बायकांसमोर सांगत नाही."

"चीफ, तिथले नारळ कसे असतील, कोणास ठाऊक! नासका निघाला तर? अमेरिकेच्या बाईंसमोर?" या मुद्द्यावर सभा हळहळली, आणि लिटल इंडियातून चांगले शेंडीवाले नारळ पोतंभर न्यायचे असं एकमताने ठरलं. 'पोत्याची जबाबदारी मनोहर रेगे' असंही ठरलं. मी सभेत होतो, तरी हे कधी ठरलं ते मला कळलं नाही.

शिबिराच्या दिवशी सकाळी फेरीच्या धक्क्यावर डॉक्टर हॅरिएट आल्या. उंच, सडपातळ, सत्तरीच्या, पाठ अशी सरळ की त्यांच्या शेजारी उभं राहिल्यावर आपोआप पोट आत जावं. त्यांच्यासमोर उभं होतं आमचं मंडळ. पुरुष फेट्यात, बायका पैठणीत, मध्ये गुंडाळलेला बॅनर, समई, आणि मी, पोतं पाठीवर घेऊन. त्यांनी माझ्याकडे बघून ऋताला विचारलं, "हे आजचे पेशंट का?"

"नाही," ऋता म्हणाली. "हे आमचे संयोजक."

"मग होतीलच," त्या म्हणाल्या.

बातामच्या बंदरावर तपासणीला माझं पोतं थांबवलं. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने एक नारळ काढला, कानाशी धरून हलवला, आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर क्षितिजापर्यंत नारळाची झाडं होती. मग त्याने आतल्या खोलीतून दोन सहकाऱ्यांना बोलावलं. नारळ या हातातून त्या हातात फिरला.

चीफही आमच्याबरोबर आले होते. जहाजावरच्या वर्षांमुळे त्यांना तिथली भाषा चांगली येते. ते भाषांतर करू लागले. "तो विचारतोय, यात काय आहे?"

"खोबरं, म्हणावं."

चीफ बोलले. अधिकारी बोलला. "तो म्हणतो, आमच्यातही खोबरंच असतं."

फळ-भाजीला लागणारा दाखला आमच्याकडे नव्हता, म्हणून नारळ तिथेच ठेवायचे ठरले. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण शिरीषला वाटलं, हा माणूस रागावला आहे, त्याचा मान राखला पाहिजे. आणि मान राखायची मंडळाला एकच रीत ठाऊक. मी 'अरे, अरे' म्हणेपर्यंत त्याने पिशवीतली एक शाल झटकन काढून त्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर घातली. वर टाळ्या वाजवल्या. आमचं मंडळ टाळ्यांची खूण कधी सोडत नाही, सगळ्यांनी वाजवल्या.

तो बिचारा दचकून दोन पावलं मागे सरला. शाल अंगावरून अशी काढली की तिच्यात विंचू असावा. सरकारी माणसाला कामावर असताना, भर चौकीत, सर्वांदेखत वस्तू! त्याने थेट वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ आले आणि शालीकडे, शिरीषकडे, फेट्यांकडे बघत राहिले. ही लाच नाही, हा सन्मान आहे, असं शिरीष इंग्रजीत सांगत होता आणि सांगताना दुसरी शाल उलगडत होता. फेरीतले इतर प्रवासी व्हिडिओ काढत होते. डॉक्टर हॅरिएट एका खांबाला टेकून हे सगळं अगदी शांतपणे पाहत होत्या, आणि ऋता त्यांच्याकडे पाहत होती. तिचा बूट बुटावर चढला होता.

शेवटी चीफ पुढे झाले. त्यांनी वरिष्ठांना एक लांबलचक वाक्य ऐकवलं. वरिष्ठ पोट धरधरून हसले, आणि आम्हांला सोडलं.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, हा यांना आजार आहे. दिसेल त्याला पांघरतात. त्याच्याच इलाजासाठी डॉक्टर बरोबर आणल्यात."

बेटावर पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. दवाखान्याशेजारी पत्र्याचं छत असलेली मोकळी पडवी होती, तिथे इबू युलिआनांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. ऋताने टेबल उघडलं, यंत्र लावलं, हात धुतले आणि उभी राहिली. माणसं जमली होती, पण सगळी बाहेर, झाडांखाली. म्हातारे, जाळी ठेवून आलेले मासेमार, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. एकही आत येईना.

"काय झालं?" ऋताने वडिलांना विचारलं.

चीफ बाहेर जाऊन विचारून आले. "ते म्हणतात, भाषणं संपली की येऊ. इथेही निवडणुका होतात."

मागे वळून पाहिलं तर आमचा बॅनर लागला होता. समई पेटत होती आणि वाऱ्याने विझत होती. पेटत होती आणि विझत होती. जयाताईंचं स्वागतगीत सुरू झालं होतं. मग शिरीषचं मनोगत. तो मंडळाच्या स्थापनेपासून निघाला. झाडाखालची माणसं सराईतपणे खाली बसली. दोघंतिघं तर पांगलीच. डॉक्टर हॅरिएटनी घड्याळात पाहिलं. आमची परतीची होडी भरतीच्या वेळेला बांधलेली होती आणि एकाही माणसाला अजून हात लागला नव्हता. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. या पोरीने इतक्या कष्टाने एक चांगलं काम उभं केलं, आणि मी ते नेऊन मंडळाच्या हवाली केलं.

"आणि आता," शिरीष म्हणाला, "सत्कार!"

नारळ जप्त झाले म्हणून हा विधी तरी टळेल अशी माझी आशा होती. पण मंडळ असं डगमगत नाही. कोणीतरी बेटावरच्याच झाडाखालचा एक नारळ आणून ठेवला होता. सोललेला नव्हे, सालासकट, भोपळ्याएवढा, हिरवा, गुळगुळीत. शिरीषने डॉक्टर हॅरिएटना शाल पांघरली. त्या उकाड्यात त्यांच्या कपाळावर लगेच घाम आला, तरी त्या सौजन्याने उभ्या राहिल्या. मग त्याने दोन्ही हातांनी तो नारळ पुढे केला. त्याच्या हातांना घाम, त्यांच्या हातांना घाम. नारळ निसटला, धप्पकन खाली पडला आणि गडगडत बाईंच्या पायाशी जाऊन थांबला.

मी संयोजक. मी झेप घेतली. वाकलो, नारळाला हात घातला, आणि तिथेच राहिलो.

कमरेत जी कळ आली तिचं वर्णन करण्याइतकी माझी भाषा समृद्ध नाही. मी काटकोनात होतो. नाकासमोर हॅरिएटबाईंचे चपला घातलेले पाय होते. वर येता येईना, खाली बसता येईना, आणि नारळही सोडवेना, कारण हात हलवला की कळ. माझ्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी काढला असं मी म्हणणार नाही. तो आपणहून निघाला आणि बेटभर गेला.

झाडाखालून तस्साच आवाज आला. एका म्हातारीने माझी नक्कल केली होती. मग अख्खं झाड हसलं.

"सगळे बाजूला व्हा," ऋता म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. शिरीष भाषणाच्या जागेवरून असा हलला की फेटा मागे राहिला. तिने आणि इबू युलिआनांनी मला जसाच्या तसा, नारळासकट, उचलून टेबलावर कुशीवर ठेवलं. नारळ काढून घेतला. पायात मुंग्या येतात का, बोटं हलतात का, कुठपर्यंत दुखतं, सगळं तिने विचारलं, तपासलं. बघायला माणसं पडवीच्या कडेपर्यंत आली. ती एकेक पाऊल पुढे येत होती. माझी प्रत्येक किंकाळी म्हणजे एक पाऊल.

"काका, माझ्या हातावर पाय हळूच दाबा. श्वास घ्या. आता सोडा. आता ढिले."

"आई गं!"

"आइगं!" म्हातारी बाहेरून म्हणाली. पोरांनी री ओढली.

दाबा, श्वास, सोडा, ढिले. दाबा, श्वास, सोडा. कळ आधी आखडली, मग सैल पडली, मग नुसती ठणकत राहिली. ऋताने मला उठवून बसवलं. मी उभा राहिलो. चाललो. पडवीत इकडून तिकडे, हळूहळू, पण दोन पायांवर आणि तोंड समोर ठेवून. टाळ्या पडल्या, या वेळी मंडळाच्या नव्हे, बेटाच्या. आयुष्यात पहिल्यांदाच मला नुसतं चालल्याबद्दल टाळ्या मिळाल्या.

तेवढ्यात ती म्हातारी गर्दीतून आत घुसली, मला हाताने बाजूला सारलं, आणि टेबलावर चढून बसली. चीफकडे बघून ती काहीतरी म्हणाली.

चीफनी सांगितलं, "म्हणते, इतका ओरडणारा बरा झाला, तर मी होईनच."

मग जी रांग लागली ती लागली. सत्कार, आभार सगळं वाहून गेलं. जयाताईंनी पैठणीचा पदर खोचला आणि महाप्रसादाची रांग सांभाळावी तशी ती रांग सांभाळली. मधे घुसणाऱ्या एका दांडग्या मासेमाराला त्यांनी अस्सल मराठीत झापलं आणि तो निमूट मागे गेला. शिरीषच्या शाली तर सोन्याच्या ठरल्या. गुंडाळून मानेखाली, घडी करून गुडघ्यांखाली. पुरेशा उशा आणल्याच नव्हत्या. "बघा, मी म्हणत होतो!" असं तो प्रत्येक शालीला म्हणत होता. एका माणसाला पाठीत दुखतं असं वाटत होतं, पण ऋताने छाती ऐकली, रक्तदाब पाहिला आणि इबू युलिआनांशी बोलून त्याला होडीने तडक हॉस्पिटलला रवाना केलं. ते पाहिल्यावर हॅरिएटबाईंनी आपली शाल काढली, बाह्या सरसावल्या, शेजारच्या लांब बाकावर दुसरी जागा केली आणि स्वतःच कामाला लागल्या.

चीफ दिवसभर दोघींच्या मध्ये उभे राहून भाषांतर करत होते. आलेला माणूस बोलायचा आणि चीफ सांगायचे, "म्हणतो, वाकता येत नाही." पुढची बाई बोलायची. "म्हणते, वाकता येत नाही. पडलेलं उचलता येत नाही." पुन्हा पुन्हा तेच. दुपारनंतर माझ्या लक्षात आलं की त्यांचा आवाज हळू झाला आहे.

भरतीची वेळ झाली. रांग संपली. ऋताने टेबल पुसायला घेतलं.

"अजून कोणी?" तिने विचारलं.

"एक आहे," चीफ म्हणाले. "त्यालाही वाकता येत नाही."

ती थकली होती. मान वर न करता, दिवसभराच्या सवयीने, म्हणाली, "नाव?"

"तारकर."

ऋताने हातातलं फडकं खाली ठेवलं. चीफ टेबलाच्या कडेला बसले, आणि मग एखादं जहाज धक्क्याला लागावं तसे सावकाश आडवे झाले. "बघ गं जरा," ते म्हणाले. "बेअरिंग बदलायच्या आधी." तिने वडिलांच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. मी बाहेर निघून आलो. मला रडू आलं होतं, आणि ते कमरेमुळे नव्हतं.

होडीत बसताना हॅरिएटबाई माझ्या शेजारी आल्या. "फाउंडेशन काय ठरवेल ते मी आत्ता सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण एक विचारते. दर शिबिराला तुमचं मंडळ येणार का?"

मी घाईघाईने म्हणालो, "नाही, नाही! मुळीच नाही."

"त्यांना आणा," त्या म्हणाल्या. "रांग उत्तम लावतात. भाषण मात्र नको. आणि तुम्ही याच. पहिला पेशंट म्हणून. लोक तुम्हांला बघून आत आले." मग जरा विचार करून म्हणाल्या, "ओरडणं थोडं कमी केलंत तरी चालेल."

मी एक अनुभवी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. दोन देशांतल्या कंपन्यांनी माझ्या हाताखाली माणसं दिलेली आहेत. आणि आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवेत माझं जे काही स्थान निर्माण झालं ते असं.

अनुदान मिळालं. बातमी आली तेव्हा ऋताने समोरच्या दारातूनच आरोळी ठोकली, आणि तन्वीने आमच्या दारातून, आणि स्मिताने स्वयंपाकघरातून. ओहायोला नकार कळवला गेला. मंडळाने, दुसरं काय करणार, आमच्या व्हॉइड डेकवर सत्कार ठेवला. 'यशस्वी संयोजक श्री. मनोहर रेगे' असा बॅनर होता. मी नवा झब्बा घातला होता. स्मिता पहिल्या रांगेत होती आणि बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे कौतुकाने पाहत होती. निदान मला तसं वाटलं.

शिरीषने मला शाल पांघरली. मग नारळ पुढे केला. त्याने आधी सोडला की मी उशिरा धरला, यावर आजही मतभेद आहेत. नारळ निसटला, फरशीवर पडला, गडगडत मधोमध जाऊन थांबला.

कोणी हललं नाही. अध्यक्ष ताठ. जयाताई ताठ. संपूर्ण कार्यकारिणी ताठ. त्या बेटावर जे पाहिलं होतं त्यानंतर कोणाचीही हिंमत होत नव्हती, आणि माझी तर मुळीच नाही. सगळे नुसते नारळाकडे बघत उभे.

तेव्हा मागून चीफ आले. ऋता दर रविवारी त्यांची पाठ बघते हे आम्हांला ठाऊक होतं, पण कुठवर आलं आहे ते कोणी पाहिलं नव्हतं. ते नारळापाशी थांबले. गुडघ्यात थोडे वाकले, मग कमरेत वाकले, सावकाश, शेवटपर्यंत. नारळ उचलला आणि सरळ झाले. पायात नाडीचे बूट होते.

मी हात पुढे केले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्यासमोरून गेले, मागच्या रांगेत उभ्या असलेल्या ऋतापाशी थांबले आणि तो नारळ तिच्या हातात दिला.

"डॉक्टर," ते म्हणाले.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. ऋता हसत होती, रडत होती, आणि नारळ पोटाशी धरून उभी होती. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पण सत्कार माझा होता, एवढं इथे नोंदवून ठेवतो.